सान्तियागो रामोन इ काहाल : तुटलेल्या चेतातंतूंचा माग काढणारा उनाड मुलगा



नववीच्या वर्गात फळ्यावर चेतापेशीची आकृती तुमच्यापैकी अनेकांनी काढली असेल. मधोमध पेशीकाय, त्याला झाडाच्या फांद्यांसारख्या फुटलेल्या वृक्षिका, एका बाजूने निघालेला लांबलचक अक्षतंतू. नावं द्या, गुण मिळवा, पुढचा प्रश्न. गेल्या वर्षी मी ही आकृती काढत होते तेव्हा एका मुलीने हात वर केला. मोडलेलं हाड जुळतं, कापलेली कातडी भरून येते, मग पाठीच्या कण्यातली ही दोरी तुटली तर ती का जुळत नाही, असं तिने विचारलं. बाकीच्या मुलांना तो धड्यावरचा प्रश्न वाटला. तो तिच्या घरातला प्रश्न आहे हे मला माहीत होतं. तिचे वडील आंबे उतरवताना झाडावरून पडले होते आणि तेव्हापासून कमरेखालचं त्यांचं अंग हलत नव्हतं.

त्या दिवशी मी उद्या सांगते म्हणून वेळ मारून नेली. उत्तर येत नव्हतं असं नाही. उत्तर एका ओळीचं होतं, पण ती ओळ तिच्याकडे बघून सांगायची हिंमत झाली नाही. घरी येऊन वाचायला बसले आणि हाच प्रश्न शंभरेक वर्षांपूर्वी अतिशय चिकाटीने विचारणाऱ्या एका माणसाची गाठ पडली. आज तुम्हाला त्याचीच गोष्ट सांगायची आहे. शाळेने ज्याच्यावर पाणी सोडलं होतं अशा मुलाची ती गोष्ट आहे, म्हणून आपल्यासाठी जरा जास्तच महत्त्वाची.

१ मेचा जन्म आणि खराब निकाल

आधी नाव कसं वाचायचं ते बघू. सान्तियागो हे त्याचं नाव. स्पेनमध्ये वडिलांचं आणि आईचं अशी दोन्ही आडनावं लावतात. रामोन हे वडिलांकडचं, काहाल हे आईकडचं, आणि मधला इ म्हणजे आणि. जगात तो काहाल या नावानेच ओळखला जातो.

जन्म १ मे १८५२. आपल्याकडे अनेक शाळांत १ मेला निकाल लागायची पद्धत आहे, त्यामुळे ही तारीख तुमच्या सहज लक्षात राहील. जन्मगाव पेतीया दे आरागोन. उत्तर स्पेनमधलं हे डोंगरातलं छोटं गाव नवारा प्रांताचं असूनही चारी बाजूंनी आरागोनने वेढलेलं आहे. वडील हुस्तो रामोन गरीब शेतकरी घरातले. एका न्हावी-शल्यवैद्याच्या हाताखाली काम करत ते स्वतःच्या हिमतीवर शिकले आणि गावोगावी वैद्यकी करणारे शल्यवैद्य झाले. माणूस कमालीचा कष्टाळू, आणि तितकाच कडक. जे आपल्याला कष्टाने मिळालं ते मुलाने सोपं समजू नये, ही त्यांची धास्ती. असे पालक आपल्या ओळखीचेच आहेत, नाही का?

वाल्पाल्मास नावाच्या गावी असताना वडील या लहानग्याला मेंढपाळांच्या एका गुहेत घेऊन बसायचे आणि फ्रेंच शिकवायचे. गुहेत कशासाठी, तर तिथे कुणी अडथळा आणत नाही म्हणून. मुलगा शिकायचा, पण त्याचा जीव अडकला होता चित्रात. जे दिसेल ते कागदावर, भिंतीवर, दारावर काढायचं. वडिलांना चित्रकला म्हणजे भिकेचे डोहाळे वाटत. त्यांनी कागद-पेन्सिली काढून घेतल्या, तर पोराने रंगीत कागद भिजवून त्याचा रंग उतरवायची युक्ती काढली. शेवटी वडिलांनी त्याचं एक चित्र गावात आलेल्या रंगाऱ्याला दाखवलं. तो चर्चच्या भिंतींना सफेदी करणारा साधा कारागीर. त्याने चित्र वाईट ठरवलं आणि वडिलांच्या दृष्टीने विषय संपला. जरा विचार करा, मुलाच्या हातात काय आहे याचा निवाडा कुणी केला?

पुढे त्याला हाका गावच्या पाद्र्यांच्या शाळेत घातलं. तिथे लॅटिन घोकायचं आणि चुकलं की मार खायचा. सान्तियागोची पाठांतराची बाजू लंगडी होती. मार, कोंडून ठेवणं, उपाशी ठेवणं, सगळं झालं. पाठांतर सुधारलं नाही, मुलगा मात्र अधिक हट्टी झाला. अकराव्या वर्षी आयेर्बे गावात त्याने लाकडाच्या ओंडक्याची तोफ बनवली, त्यात दारू आणि दगड ठासले आणि शेजाऱ्याच्या बागेच्या नव्या फाटकाला भगदाड पाडलं. त्यासाठी त्याला काही दिवस खरोखरच्या कोठडीत काढावे लागले.

वेस्काच्या शाळेतही तीच रड. मग वडिलांनी त्याला आधी न्हाव्याकडे आणि नंतर चांभाराकडे कामाला ठेवलं. गंमत बघा, चांभारकामात त्याचा हात छान बसला. नजर बारीक आणि बोटं चलाख होती. शाळेच्या प्रगतिपुस्तकात या दोन गोष्टींना रकाना नव्हता, एवढंच. आपल्याकडे तरी आहे का?

दफनभूमीतला धडा

१८६८ चा उन्हाळा. मुलगा सोळा वर्षांचा. मुलाने डॉक्टर व्हावं ही इच्छा वडिलांनी सोडली नव्हती, पण पुस्तक पुढे टाकून काही होणार नाही हे एव्हाना त्यांच्याही लक्षात आलं असावं. ते त्याला एका जुन्या दफनभूमीत घेऊन गेले. तिथे उघड्यावर आलेली माणसांची हाडं गोळा केली, घरी आणली आणि एकेक हाड त्याच्या हातात देऊन शिकवायला सुरुवात केली.

आणि पोरगा शिकला. कारण हाड हातात धरता येतं, फिरवून बघता येतं आणि त्याचं चित्र काढता येतं. मांडीचं हाड, मणका, कवटीतली बारीक छिद्रं, सगळं त्याने कागदावर उतरवलं. ज्या चित्रकलेवर इतकी वर्षं बंदी होती तीच आता अभ्यासाची वाट झाली. वडीलही खुलले. पुढे बाप-लेक दोघेही सारागोसाला गेले, मुलगा वैद्यकीय विद्यार्थी म्हणून आणि वडील शरीररचना शिकवायला. मुलाने काढलेल्या शरीररचनेच्या चित्रांचं पुस्तक करावं, अशी स्वप्नं हे वडील आता पाहू लागले.

इथे मी थांबून विचार केला. मुलगा तोच, वडीलही तेच. बदलली ती शिकवायची पद्धत. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ असंच काहीतरी आपल्याला दिसणार आहे.

हप्त्यावर घेतलेला सूक्ष्मदर्शक

१८७३ मध्ये तो डॉक्टर झाला. लगेच सैन्यात भरती, आणि १८७४ मध्ये रवानगी थेट क्युबाला. तेव्हा क्युबा स्पेनच्या ताब्यात होतं आणि तिथे स्वातंत्र्याचा लढा चालू होता. दलदलीतल्या लष्करी दवाखान्यात जखमींपेक्षा तापाचे रोगी जास्त. डॉक्टरलाही मलेरिया आणि हगवणीने गाठलं. अंगात काही उरलं नाही तेव्हा १८७५ मध्ये त्याला घरी पाठवलं. साचलेल्या पगारातून त्याने पुढे एक सूक्ष्मदर्शक घेतला, तोही हप्त्याने. घरातच छोटी प्रयोगशाळा थाटली. १८७८ मध्ये क्षयाने रक्त पडू लागलं. त्यातूनही तो उठला. १८७९ मध्ये सिल्वेरिया फान्यानास या मुलीशी लग्न केलं. तुटपुंज्या पगारात सात मुलांचा संसार आणि नवऱ्याची प्रयोगशाळा या बाईंनी कशी सांभाळली असेल, याचा विचार केल्याशिवाय पुढे जाऊ नये असं मला वाटतं.

१८८४ पासून काहाल वालेन्सियात शरीररचनेचे प्राध्यापक होते. पुढच्याच वर्षी तिथे कॉलऱ्याची साथ आली. त्या साथीवर त्यांनी केलेल्या कामाची कदर म्हणून सारागोसाच्या प्रांतिक सरकारने त्यांना त्साइस कंपनीचा उत्तम सूक्ष्मदर्शक भेट दिला. बघा, आता कुठे त्यांच्या हातात हवं तसं अवजार आलं.

गवताच्या गंजीत एकच काळी काडी

आता थोडं विज्ञान. मेंदूचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर काय दिसतं? जवळजवळ काहीच नाही. असंख्य तंतू एकमेकांत असे गुंतलेले असतात की कुठला कुणाचा ते कळतच नाही. इटलीच्या कामिलो गोल्जी यांनी १८७३ मध्ये एक युक्ती शोधली होती. पोटॅशियम डायक्रोमेट आणि सिल्व्हर नायट्रेट वापरलं की कापातल्या अगदी थोड्या पेशी काळ्याभोर होतात, पण ज्या होतात त्या शेंड्यापासून बुडख्यापर्यंत. गवताच्या गंजीतली एकच काडी काळी रंगावी तसं. १८८७ मध्ये माद्रिदच्या लुइस सिमारो या डॉक्टरांनी काहाल यांना असे काप दाखवले आणि काहाल त्यांच्या नादी लागले.

ही पद्धत लहरी होती. कधी रंग चढायचा, कधी नाही. काहाल यांनी तिच्यात सुधारणा केली, आणि प्रौढ मेंदूऐवजी अंड्यातल्या कोंबडीच्या पिल्लांचा आणि लहान प्राण्यांचा मेंदू घेतला. कोवळ्या चेतातंतूंवर चरबीचं आवरण चढलेलं नसतं, त्यामुळे रंग नीट चढतो. घनदाट जंगलात वाट काढण्यापेक्षा रोपवाटिकेत जाऊन रोपं बघितली, असंच म्हणा ना.

त्या काळी बहुतेक शास्त्रज्ञ मानत की मेंदू म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या धाग्यांचं अखंड जाळं आहे. खुद्द गोल्जीही तेच मानत. काहाल यांना मात्र दिसलं की प्रत्येक तंतूला शेवट आहे. एक पेशी दुसरीला अगदी जवळ जाऊन भिडते, पण तिच्यात मिसळत नाही. चेतापेशी ही स्वतंत्र वस्ती आहे. हे कोण छापणार? कुणी छापायची वाट न बघता त्यांनी मे १८८८ मध्ये बार्सेलोनाहून पदरच्या पैशांनी स्वतःचं नियतकालिक सुरू केलं आणि त्याच्या मोजक्या प्रती परदेशी तज्ज्ञांना पाठवल्या. १८८९ मध्ये ते खर्चाची ओढाताण करून बर्लिनच्या परिषदेला गेले. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये बोलत त्यांनी लोकांना आपल्या सूक्ष्मदर्शकापर्यंत आणलं आणि काप दाखवले. त्या काळचे मोठे स्विस शास्त्रज्ञ आल्बर्ट क्योलिकर यांनी पाहिलं आणि त्यांना पटलं. पुढे तर क्योलिकर काहाल यांचे लेख वाचता यावेत म्हणून स्पॅनिश शिकले.

१९०६ चं नोबेल गोल्जी आणि काहाल यांना विभागून मिळालं. गोल्जींनी स्टॉकहोममधल्या भाषणात काहाल यांच्याच सिद्धांतावर टीका केली. एकाच मंचावर, एकाच पदकाचे दोन मानकरी, आणि दोघांचं म्हणणं उलट. विज्ञानात असंही होतं, हे मुलांना जरूर सांगा.

तुटल्यावर काय होतं?

आता आपल्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. चेतापेशी स्वतंत्र आहे म्हटल्यावर एक गोष्ट ओघाने येते. अक्षतंतू हा तिचाच लांबवलेला हात. तो मध्येच तुटला तर पेशीकायापासून सुटलेला तुकडा मरणार. हे इंग्लंडच्या ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्येच दाखवलं होतं. मग नवा हात फुटायचा तर तो पेशीकायाच्या बाजूने फुटायला हवा. पण काही संशोधकांचं म्हणणं होतं की सुटलेल्या तुकड्यातल्या पेशी आपल्या आपणच नवा तंतू तयार करतात आणि नंतर जोडून घेतात.

१९०३ च्या सुमारास काहाल यांनी चांदीच्या क्षारांची आणखी एक नवी रंगपद्धत काढली आणि ते या वादात उतरले. ससे, मांजरं, कुत्री यांच्या पायातल्या चेता कापून त्यांनी काही तासांनी, काही दिवसांनी, काही आठवड्यांनी काप घेतले. आज अशा प्रयोगांवर कडक नियम आहेत, तेव्हा नव्हते, हेही वर्गात लपवू नये. दिसलं ते असं: पेशीकायाच्या बाजूच्या टोकांना नवे कोंब फुटतात, ते जखमेच्या व्रणातून वाट काढतात, कित्येक भरकटतात, आणि काही पलीकडच्या जुन्या नळीत शिरून पुढे चालू लागतात. वाढत्या तंतूच्या टोकाला एक फुगीर शंकू असतो, तो काहाल यांनी १८९० मध्येच पिल्लांच्या मेरुरज्जूत ओळखला होता. मांडवावर चढणाऱ्या दोडक्याच्या वेलीचं टोक कसं आधार चाचपत पुढे सरकतं, तसाच तो.

म्हणजे हातापायांतली चेता पुन्हा वाढू शकते. माणसात हा वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर असतो. म्हणूनच हाताची चेता शिवल्यावर बोटांत संवेदना यायला कित्येक महिने लागतात.

मग पाठीच्या कण्यातला मेरुरज्जू? आपण त्याला मज्जारज्जूही म्हणतो. काहाल यांनी लहान प्राण्यांचा मेरुरज्जू कापून तीच पाहणी केली. इथेही तुटलेल्या टोकांना कोंब फुटताना दिसले! पण ते थोडंसं सरकायचे, अडखळायचे, टोकाला गाठ धरायची आणि काही दिवसांत कोमेजून जायचे. पलीकडे कुणी पोहोचायचं नाही.

हे सगळं त्यांनी १९१३-१४ मध्ये दोन खंडांत छापलं. चेतासंस्थेचा ऱ्हास आणि पुनर्निर्मिती हा त्या ग्रंथाचा विषय. छपाईचा भार अर्जेंटिनात राहणाऱ्या स्पॅनिश डॉक्टरांनी आपल्या मानाची भेट म्हणून उचलला. तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं, आणि स्पॅनिशमधला हा ग्रंथ फार थोड्यांपर्यंत गेला. इंग्रजी भाषांतर यायला १९२८ उजाडलं.

कठोर निकाल, आणि त्याच्याच शेजारी एक खिडकी

त्या ग्रंथात काहाल यांनी निकाल दिला तो कठोर होता. प्रौढ मेंदू आणि मेरुरज्जू यांतले मार्ग पक्के होऊन बसलेले असतात, तिथे मरू शकतं सगळं, पुन्हा उगवत काही नाही, अशा अर्थाचा. पुढची कित्येक वर्षं डॉक्टरांनी हा निकाल मुखोद्गत केला. मुलीला सांगायला माझी जीभ रेटत नव्हती ती ओळ हीच.

पण काहाल तिथे थांबले नव्हते. शक्य झालं तर हा निकाल बदलणं हे पुढच्या काळातल्या विज्ञानाचं काम आहे, असंही त्यांनी त्याच ठिकाणी नोंदवलं होतं. आणि ही नुसती सदिच्छा नव्हती, त्यांच्या हातात एक पुरावा होता. त्यांचे शिष्य फ्रान्सिस्को तेयो यांनी १९११ च्या सुमारास एक प्रयोग केला. सशाच्या पायातल्या चेतेचा तुकडा घेऊन त्याच्याच जातीच्या प्राण्याच्या मेंदूत बसवला. मेंदूतले जे तंतू एरवी वाढायचे नाहीत, ते त्या तुकड्याकडे वळले आणि त्याच्यात शिरून वाढू लागले.

याचा अर्थ तुमच्या लक्षात आला ना? मेंदूतली पेशी वाढायला अगदीच नालायक नव्हती. तिच्या भोवतीची जमीन तिला वाढू देत नव्हती. पायातल्या चेतेतल्या आधारपेशी काहीतरी पोषक, ओढून घेणारं द्रव्य देत असाव्यात आणि मेंदूत, मेरुरज्जूत ते मिळत नसावं, असा काहाल यांचा कयास होता.

हे वाचताना मला हाकाची शाळा आणि ती हाडं आठवली. तुम्हालाही आठवली असतील.

काहाल म्हातारपणीही लिहीत राहिले. मेंदूची हजारो चित्रं त्यांच्या हातची आहेत. शिवाय रंगीत छायाचित्रणावर पुस्तक, तरुण संशोधकांना सल्ला देणारं पुस्तक, आत्मचरित्र. १९३० मध्ये सिल्वेरियाबाई गेल्या. १७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिदमध्ये काहाल यांनी देह ठेवला. वय ८२. मेरुरज्जूचा प्रश्न तसाच उघडा ठेवून ते गेले.

खिडकीतून पुढे कोण डोकावलं?

तेयोंचा प्रयोग बराच काळ बाजूला पडला होता. १९८१ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये अल्बर्ट अग्वायो आणि सॅम्युएल डेव्हिड यांनी उंदरांमध्ये पायातल्या चेतेचा पूल मेंदूच्या देठापासून मेरुरज्जूपर्यंत बांधला. नव्या खुणा वापरून त्यांनी दाखवलं की मेरुरज्जूतले आणि मेंदूच्या देठातले तंतू त्या पुलात खरोखर काही सेंटिमीटर वाढतात. मात्र पुलाचं दुसरं टोक आलं आणि परत मेरुरज्जूत शिरायची वेळ आली की ते अडतात.

१९८८ मध्ये झुरिकच्या मार्टिन श्वाब यांच्या गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. मेरुरज्जूतल्या तंतूंवरच्या चरबीच्या आवरणात अशी प्रथिनं आहेत जी वाढीला चक्क रोखतात. म्हणजे नुसता खताचा तुटवडा नाही, तिथे नाकाबंदीही आहे. जखमेच्या व्रणातली काही द्रव्यंही तेच काम करतात. आणि नंतरच्या संशोधनाने हेही दाखवलं की प्रौढ पेशीची स्वतःची वाढायची उमेद वयाबरोबर कमी होत जाते. म्हणजे सगळा दोष जमिनीचा, असंही म्हणता येत नाही. काहाल यांचा कयास अर्धा बरोबर ठरला, आणि उरलेला अर्धा त्यांनी उघड्या ठेवलेल्या प्रश्नातून सापडला.

आज परिस्थिती काय आहे? माणसाचा तुटलेला मेरुरज्जू पूर्वीसारखा जोडून देईल असा खात्रीचा उपचार आजही नाही. संशोधन जोरात चालू आहे. व्यायामोपचार, मेरुरज्जूला विजेची सौम्य उत्तेजना देणं, यांतून काही रुग्णांना काही हालचाली परत मिळाल्या आहेत, विशेषतः जिथे काही तंतू शाबूत राहिले होते तिथे. पण ही पुनर्निर्मिती नव्हे, उरलेल्या तंतूंचा जास्तीत जास्त उपयोग करून घेणं आहे.

पालकांनो, इथे एक सावधगिरीची गोष्ट. अशा घरांना मूलपेशींची, म्हणजे स्टेम सेलची सुई घ्या, माणूस उठून चालेल, असं सांगणारे भेटतात. शेत विकून लोक तिकडे धावतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मेरुरज्जूच्या दुखापतीसाठी मूलपेशी नेहमीचा उपचार म्हणून देता येत नाहीत, फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच वापरता येतात. कुणी पैसे मागत असेल तर आधी हे विचारा.

आणि दुसरी गोष्ट तर प्रत्येक मुलाला माहीत हवी. झाडावरून, विहिरीत, गाडीवरून पडलेल्या माणसाची मान किंवा पाठ दुखत असेल, पाय हलत नसतील, तर त्याला चौघांनी हातपाय धरून उचलू नका, उठवून बसवू नका. जिवाला लगेच धोका नसेल तर आहे तसं ठेवा, डोकं आणि मान हलू देऊ नका, १०८ ला फोन करा. जे तंतू अजून शाबूत आहेत ते आपल्या घाईने तुटू नयेत, एवढं आपल्या हातात नक्की आहे.

वर्गात काय करता येईल?

चेतापेशीची आकृती पुस्तकातून उतरवून घेण्याआधी मुलांना कांद्याची पात किंवा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली बघून चित्र काढू द्या. सूक्ष्मदर्शक नसेल तर भिंग चालेल. बघितलेलं काढायचं, पाठ केलेलं नाही. ज्याचं पाठांतर कच्चं आहे असा एखादा मुलगा इथे पुढे येतो का, ते बघा. मला तरी दोन मुलं अशी सापडली.

मग काहाल यांची गोष्ट सांगा आणि विचारा: तोफ उडवणाऱ्या त्या पोराच्या प्रगतिपुस्तकावर तुम्ही काय शेरा लिहिला असता?

आता तुम्ही विचाराल, त्या मुलीला काय सांगितलं? उशिरा का होईना, सगळं सांगितलं. आतापर्यंत मेरुरज्जू जुळवता आलेला नाही हे सांगितलं, कारण खोटी आशा दाखवली असती तर तिने पुन्हा माझ्यावर विश्वास ठेवला नसता. तुटलेल्या टोकाला कोंब फुटतो हेही सांगितलं, आणि तो का थांबतो हे शोधणारी माणसं कोण होती, कोण आहेत, तेही. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने त्या कोंबाचं चित्र मागितलं. मी दोडक्याच्या वेलीचं टोक दाखवलं आणि ती ते वहीत काढत बसली.

त्या चित्राखाली मी शेरा लिहिला नाही. तारीख तेवढी घातली.